तुम्ही विचारलंत म्हणून: पाटीवरचं साल

आमच्या माथेरानच्या हॉटेलात जुने गेस्ट आले की बॅगा खाली ठेवायच्या आधी हेच विचारतात, बाजारात कोणी भेटलं की तेच, आणि आत्या तर दर दिवाळीला फोनवर. पाटीवरचं १८६५ का खोडलंस? प्रत्येकाला अर्धवट काहीतरी सांगून कंटाळले, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

साल खोटं होतं म्हणून खोडलं. उत्तर एवढंच आहे, पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही आणि खरं सांगायचं तर माझंही झालेलं नाही.

जुन्या छपराचं एक मंगलोरी कौल बाबांनी ऑफिसच्या कपाटात जपून ठेवलंय. त्यावर इंग्रजीत बासेल मिशन टाइल वर्क्स आणि १८६५ असं उठवलेलं आहे. आजोबा म्हणायचे, छप्पर १८६५चं म्हणजे हॉटेलही १८६५चं, आणि ते पटण्यासारखंच होतं हो, ठाण्याचे कलेक्टर मॅलेट इथे चढून आले १८५० मध्ये, लॉर्ड एल्फिन्स्टनने थंड हवेच्या गावाचा पाया घातला १८५५ मध्ये, मग पुढच्या दहा वर्षांत एखादं हॉटेल उभं राहिलं असेल की. दिवेलागणीला बाबा ते कौल व्हरांड्यात आणायचे आणि गेस्टच्या पोरांना अक्षरांवरून बोट फिरवायला लावायचे. लहानपणी मीही फिरवलंय. आठाचा वरचा गोल बुजलेला आहे, तिथे बोट अडकत नाही.

पण ते साल कौल भाजल्याचं नाहीच. मंगलोरात तो कारखाना सुरू झाला १८६५ मध्ये, आणि तेच साल पुढे कित्येक वर्षं कौलांवर उठत राहिलं. मला हे कळायला एक गेस्ट यावी लागली. बाई मूळच्या मंगलोरच्या. बाबांची गोष्ट रंगात आलेली, भोवती सात-आठ माणसं, आणि बाई अगदी सहज म्हणाल्या, "अहो, आमच्या गोठ्यावर पण हेच साल आहे." कोणी हसलं नाही. बाबाही काही बोलले नाहीत. त्यांनी कौल उचललं, नेहमीच्या पंचात गुंडाळलं आणि आत नेलं. जेवायला बसले तेव्हा पंचा मांडीवरच होता.

त्या रात्री गप्प बसायला हवं होतं. मी बसले नाही. त्यांच्यासमोर कागद पसरून हिशोब मांडत बसले, की बाबा, पीरभॉयांनी बांधलेली नेरळ-माथेरानची छोटी रेल्वेगाडी सुरू झाली १९०७ मध्ये, त्याआधी नेरळहून वर येणारी प्रत्येक वस्तू माणसाच्या डोक्यावर नाहीतर घोड्याच्या पाठीवर, मग एवढ्या मोठ्या छपराची कौलं कशी चढवली असतील, आणि आपल्याकडची सगळ्यात जुनी घरपट्टीची पावतीसुद्धा गाडीनंतरची आहे. (हा मुद्दा आता मलाच तितकासा पटत नाही, गाडीच्या आधीही इथे बंगले उभे राहिलेच ना, ते डोक्यावर वाहूनच. आणि त्याआधीच्या पावत्या वाळवीने खाल्ल्या असतील तर?) बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाटीवर काय लिहायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी रंगारी बोलावला. ती घाई झाली, हे इथे कबूल करते.

आत्या म्हणते, अगं कोणाचं काय बिघडत होतं? बिघडत होतं, आत्या. जुलै २००५च्या पावसात रूळ वाहून गेले, २००७ पर्यंत गाडी बंद, खोल्या रिकाम्या, तेव्हा पॅम्फ्लेट कोणी छापलं होतं? मीच. १८६५ सगळ्यात मोठ्या टायपात. ते वाचून लोक आले, त्यांनी आमच्यावर विश्वास ठेवून पैसे दिले. तेव्हा मला कौलाचं माहीत नव्हतं असं मी सगळ्यांना सांगते आणि ते खरंच आहे, पण एकदा तपासून बघावं असंही मला वाटलं नव्हतं, हेही तितकंच खरं. धंद्याला उपयोगी होतं तोवर चाललं, आणि मग एका बाईसमोर लाज वाटली म्हणून बाबांच्या डोळ्यांदेखत खोडलं, असं कोणी म्हणालं तर मी भांडेन. पण आतून भांडता येईल की नाही, माहीत नाही.

बाबा रागावलेले नाहीत. कोणी हॉटेलचा इतिहास विचारला की म्हणतात, "मला नाही माहीत, तिला विचारा, ती शोधतेय." आणि मी शोधतेय म्हणजे काय, तीच पावत्यांची फाइल पुन्हा पुन्हा उघडतेय. कौल मात्र त्या दिवसापासून व्हरांड्यात आलेलं नाही.

इथल्या पावसात कितीही तट्ट्या बांधा, पाटी भिजतेच. रंग फुगतो, पोपडे धरतो आणि गणपतीपर्यंत खालचे सहा आणि पाच दिसायला लागतात. दरवर्षी मी त्यावर हात मारून घेते. यंदा रंगारी येऊन गेला, दारं-खिडक्या झाल्या, कठडा झाला. पाटीचं मी त्याला सांगितलेलं नाही.