लाइट गेली तरी न बिघडणारी रूटीन: गिझर, पॅसेज, एक्झॉस्ट आणि टाकीची मोटर

घरातलं एखादं काम आपोआप व्हावं असं वाटलं, की मी त्याबद्दल आधी तीन गोष्टी ठरवतो. लाइट गेली तर काय होईल, इंटरनेट बंद पडलं तर काय होईल, आणि घरातल्या कुणी नेहमीसारखं भिंतीवरचं बटण दाबलं तर काय होईल. तिन्हींची उत्तरं नीट असली तरच ते रूटीन, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कामाचा नियम, घरात टिकतं. नाहीतर घरचे सरळ सांगतात, "ते तुझं काढून टाक, आम्ही आपले बटण दाबू," आणि त्यांचं बरोबरच असतं.

आमचं रो-हाउस आहे पुण्याच्या उपनगरात: खाली जमिनीतली टाकी, गच्चीवर हजार लिटरची, इन्व्हर्टर आहे. फ्लॅट असेल तर मोटरचा भाग सोडून बाकी सगळं तसंच लागू पडेल. सुरुवातीला मी फक्त रोज होणारी आणि हमखास विसरली जाणारी कामं घेतली: गिझर बंद करणं, रात्री पॅसेजमधला दिवा, बाथरूमचा एक्झॉस्ट, संध्याकाळचे दिवे, मोटर. पडदे आणि रंगीत दिवे नंतर कधीही करता येतात, त्यांच्यापासून सुरुवात करू नये.

पहिला निर्णय म्हणजे रूटीन साठवलेलं असतं कुठे. अलेक्सासारख्या स्पीकरच्या ॲपमध्ये बनवलेलं रूटीन कंपनीच्या सर्व्हरवरून चालतं. इंटरनेटची फायबर तुटली की ते थांबतं. बोलून दिवा लावायला ते ठीक आहे. पण गिझर आणि मोटर मी त्यावर सोडत नाही. त्यासाठी रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कंप्युटरवर (पुढे नुसतं 'पाय') होम असिस्टंट हे घर चालवण्याचं सॉफ्टवेअर टाकलं. ते फुकट आहे, घरातच चालतं आणि रूटीन बनवायला कोड लिहावा लागत नाही, सगळं स्क्रीनवर निवडून होतं. मेमरी कार्डाऐवजी यूएसबीची एसएसडी (बाहेरून जोडायची डिस्क) वापरावी. होम असिस्टंट सतत नोंदी लिहीत असतं, आणि लिहिता लिहिता लाइट गेली की कार्ड खराब होऊ शकतं.

सेन्सरसाठी झिग्बी (कमी विजेवर चालणारी, वाय-फायपेक्षा वेगळी वायरलेस पद्धत) घेतलं, कारण त्यांची नाण्याएवढी बॅटरी बरेच महिने पुरते आणि राउटरवर भार येत नाही. झिग्बी आणि वाय-फाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, त्यामुळे चॅनेल आधीच ठरवून घ्यायचा. वाय-फाय सहसा १, ६ किंवा ११ वर असतं. झिग्बीचा १५ हा १ आणि ६ च्या मधे पडतो, २० हा ६ आणि ११ च्या मधे, आणि २५ हा ११ च्या पलीकडे. आमचं वाय-फाय १ वर आहे, म्हणून झिग्बी २० वर ठेवलं. नंतर चॅनेल बदलला तर काही उपकरणं पुन्हा जोडावी लागतात. झिग्बीचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रेडिओ) थेट पायमध्ये खुपसायचा नाही. यूएसबी ३ चं पोर्ट आणि एसएसडी याच पट्ट्यात गोंगाट करतात आणि सेन्सर मधेच गायब होऊ लागतात. एक मीटरची एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल लांब, उंच ठेवला की निम्म्या तक्रारी येतच नाहीत. वाय-फायवरचे स्मार्ट प्लग (सॉकेटमध्ये लावून उपकरण चालू-बंद करणारे) मात्र बहुधा फक्त २.४ वर जोडले जातात. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर जोडताना ५ गिगाहर्ट्झ तेवढ्यापुरतं बंद करावं, आणि वाय-फायची सुरक्षा-पद्धत फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर ती डब्ल्यूपीए२ वर आणावी.

दिव्यांसाठी स्मार्ट बल्ब घ्यायचा मोह टाळावा. कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीजच जाते, आणि झिग्बीचा बल्ब असेल तर त्याच्यामार्फत जोडलेले सेन्सरही तुटतात. त्यापेक्षा बटणामागे बसणारं रिले मोड्यूल (वायरलेस हुकमावर दिवा चालू-बंद करणारी छोटी डबी) चांगलं. बटण होतं तसंच राहतं, आजीला काही नवीन शिकावं लागत नाही. मोड्यूलला न्यूट्रल (वीज परत नेणारी दुसरी वायर) लागतो. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर बटणांबरोबर एखादं सॉकेट असतं, तिथे न्यूट्रल मिळतो. नुसती बटणं असलेल्या बोर्डात तो असेलच असं नाही. रंगावर विश्वास ठेवू नये. मल्टिमीटरने फेज आणि त्या वायरमध्ये २३० व्होल्टच्या आसपास दाखवतंय का ते पाहायचं, पण अर्थिंगची वायरही तेवढंच दाखवते, म्हणून ती न्यूट्रलच आहे याची वेगळी खात्री करायची, मग मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून काम सुरू करायचं. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, आपण शेजारी उभं राहून कुठली वायर कुठे गेली ते लिहून घ्यावं. मोड्यूलच्या सेटिंगमध्ये बटणाचा प्रकार विचारतात. तिथे 'एज' निवडायचं, म्हणजे बटण वर असो की खाली, हलवलं की दिव्याची स्थिती उलटते. नाहीतर रूटीनने दिवा लावलेला असताना बंद करायला बटण दोनदा हलवावं लागतं.

आता गिझर. आमचा १५ लिटरचा, २००० वॅटचा आहे. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २० अंशांवर असेल आणि ते ६० पर्यंत न्यायचं असेल तर साधारण ०.७ युनिट वीज लागते, म्हणजे पूर्ण व्होल्टेजवर २१ मिनिटं. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आधीच ३२ अंशांवर असतं, तेव्हा १५ मिनिटं पुरतात. व्होल्टेज २०० वर उतरलं की तोच गिझर दीड हजार वॅटच ओढतो आणि हिवाळ्यातल्या २१ मिनिटांची जवळपास २८ होतात. म्हणून "साडेपाचला चालू, सहाला बंद" असं घड्याळावरचं रूटीन वर्षभर नीट चालत नाही: उन्हाळ्यात उगाच तापवत बसतं, हिवाळ्यात कमी पडू शकतं.

त्याऐवजी वॅट मोजणारा १६ ॲम्पिअरचा स्मार्ट प्लग घेतला. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ ॲम्पिअर. त्यामुळे ६ ॲम्पिअरचा प्लग इथे चालत नाही, आणि १० वाल्यालाही रोज इतक्या काठावर राबवू नये. सॉकेट बाथरूमच्या बाहेर हवं. रूटीन असं आहे: साडेपाचला चालू, वॅट १० च्या खाली सलग दोन मिनिटं राहिले, म्हणजे थर्मोस्टॅटने (पाणी तापलं की वीज तोडणाऱ्या गिझरमधल्या भागाने) तोडलं, की फोनवर 'पाणी तापलं' असा निरोप, आणि काहीही झालं तरी चालू केल्यापासून ४५ मिनिटांनी बंद. निरोप येताच प्लग बंद करत नाही, कारण ६० अंशांचं १५ लिटर पाणी नळाच्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं जेमतेम ३० लिटर होतं, म्हणजे दीड बादली. दुसऱ्याची आंघोळ व्हायची असते, तेव्हा थर्मोस्टॅटला पुन्हा तापवू द्यावं लागतं. बाथरूमबाहेर एक छोटं झिग्बी बटण चिकटवलं आहे; ते दाबलं की गिझर पुढची २० मिनिटं चालू राहतो आणि आपोआप बंद होतो. घरात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं बटण तेच.

प्लग बसवल्यावर पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी त्याला हात लावून पाहायचा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर बहुतेक वेळा भिंतीतल्या सॉकेटची पकड ढिली झालेली असते.  सॉकेट बदलायचं, तसंच चालवायचं नाही.

पॅसेजचा दिवा दिसायला सोपा, पण त्यातच सगळ्यात जास्त बारकावे आहेत. रात्री अकरा ते पहाटे पाच हालचाल दिसली की दिवा दहा टक्क्यांवर लागतो आणि शेवटच्या हालचालीनंतर ९० सेकंदांनी विझतो. यासाठी डिमर (उजेड कमी-जास्त करणारं) मोड्यूल आणि डिम होणारा दिवा लागतो, साधा एलईडी बल्ब लुकलुकतो. होम असिस्टंटमध्ये रूटीनचा 'मोड' 'रीस्टार्ट' ठेवायचा, म्हणजे पुन्हा हालचाल झाली की ९० सेकंद नव्याने मोजले जातात. मुळात निवडलेला 'सिंगल' तसाच ठेवला तर माणूस उभा असतानाच दिवा जातो. काही सेन्सर एकदा हालचाल टिपल्यावर मिनिटभर पुन्हा काहीच कळवत नाहीत, म्हणून थांबण्याची वेळ एका मिनिटापेक्षा जास्त हवी. हे हालचाल टिपणारे पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता आणि भोवतालची उष्णता यातला फरक ओळखतात. एप्रिल-मेमध्ये पॅसेज ३५ अंशांवर गेला की ते मंदावतात. रात्री हवा उतरते म्हणून पॅसेजला अडचण येत नाही, दुपारी गच्चीच्या जिन्यात येते. स्थिर बसलेला माणूसही ओळखणारे रडार सेन्सर मिळतात. पण ते फिरता पंखा आणि हलणारा पडदा यांनाही माणूस समजतात, त्यामुळे आपल्या पंख्याच्या खोल्यांत ते भिंतीवर, पंख्याकडे तोंड न करता लावावे लागतात आणि पल्ला कमी करावा लागतो.

बाथरूमच्या एक्झॉस्टला आर्द्रतेचा सेन्सर लावला. "७० टक्क्यांच्या वर गेली की चालू" हा नियम पुस्तकात छान वाटतो. पावसाळ्यात घरभरच ८५ टक्के असते, कोकणात आणि गोव्यात त्याहूनही जास्त. मग पंखा जून ते सप्टेंबर थांबतच नाही. म्हणून दुसरा सेन्सर हॉलमध्ये ठेवून दोघांतला फरक मोजायचा. बाथरूमची आर्द्रता हॉलपेक्षा १० अंकांनी वर गेली की पंखा चालू, फरक ४ वर आला की बंद, आणि जास्तीत जास्त अर्धा तास. पावसाळ्यात फरक दहापर्यंत पोहोचत नाही असं दिसलं तर तो आकडा ७ करावा. सेन्सर शॉवरच्या फवाऱ्यात येणार नाही असा, दाराच्या वर लावायचा.

संध्याकाळचे दिवे घड्याळावर नको. पुण्यात सूर्यास्त नोव्हेंबरात सहाच्या आत होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातच्या आसपास. सूर्यास्ताआधी १५ मिनिटं असं सांगितलं की वर्षभर पाहावं लागत नाही. पावसाळी अंधारासाठी उजेड मोजणारा सेन्सर खिडकीजवळ ठेवला आहे. दुपारी चारनंतर तो सलग दहा मिनिटं कमी दाखवत असेल तर फाटकाचा आणि देवघराचा दिवा लवकर लागतो. सलग दहा मिनिटं ही अट नसेल तर प्रत्येक ढगाला दिवे लागत-विझत राहतात.

लाइट जाण्याचा भाग सगळ्यात काळजीपूर्वक करावा लागतो. बहुतेक प्लग आणि मोड्यूलमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं: चालू, बंद किंवा आधीची स्थिती. गिझर आणि मोटर कायम 'बंद'वर, दिवे 'आधीची स्थिती'वर. बरेच स्मार्ट बल्ब मुळात 'चालू'वर असतात, म्हणून लाइट आली की रात्री तीनला बेडरूम झगझगते. पाय, राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, इन्व्हर्टर यूपीएस मोडवर, म्हणजे लाइट गेली की ते मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत नाहीत. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, ते सुरू होताना इंटरनेटवरून वेळ घेतं. इंटरनेट नसेल तर वेळच चुकते आणि वेळेवरची सगळी रूटीन चुकतात. आणखी एक गोष्ट: साडेपाचचं रूटीन साडेपाचलाच पेटतं. त्या क्षणी पाय बंद असेल आणि पाच चाळीसला सुरू झालं, तर गिझर लागत नाही. म्हणून त्याच रूटीनला दुसरं कारण जोडलं आहे, 'होम असिस्टंट सुरू झाल्यावर', आणि अट घातली आहे की वेळ साडेपाच ते सात असावी. चाचणीसाठी सुट्टीच्या दिवशी सकाळी मेन दहा मिनिटं बंद करून पाहावं. कुठली गोष्ट आपल्या मनाने सुरू होते ते लगेच दिसतं.

मोटरच्या बाबतीत रिले मोड्यूलने थेट मोटर चालवू नये. सुरू होताना मोटर चालत्या प्रवाहाच्या पाच-सहा पट ओढते आणि रिलेचे संपर्क चिकटतात; मग बंदचा हुकूम जातो पण मोटर थांबत नाही. मोड्यूलने फक्त कॉन्टॅक्टरची (जड प्रवाह झेलणाऱ्या मोठ्या स्विचची) कॉइल चालवायची आणि कॉन्टॅक्टरने मोटर. गच्चीवरच्या टाकीत दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून पातळीप्रमाणे चालू-बंद होणारे) आहेत. खालचा 'भरायला घे' सांगतो, वरचा 'पुरे'. वरचा फ्लोट कॉइलच्या वायरमध्येच जोडला आहे, त्यामुळे पाय, वाय-फाय काहीही बंद असलं तरी टाकी भरली की मोटर थांबतेच. अल्ट्रासॉनिक सेन्सर पातळी टक्क्यांत दाखवतो, पण त्याला पहिले २०-२५ सेंटिमीटर दिसत नाहीत आणि तोंडावर वाफेचे थेंब साचले की आकडे उड्या मारतात. तो पाहण्यापुरता ठीक, मोटर थांबवण्यासाठी नाही.

खालच्या टाकीत पाणी नसताना मोटर कोरडी चालली तर सील जातं. सेंट्रिफ्यूगल मोटर पाणी उचलत नसली की कमी वॅट ओढते, त्यामुळे मोटरच्या लाइनवर वॅट मोजणारं मीटर बसवलं. आधी पाणी नीट चढत असताना किती वॅट दाखवतं ते लिहून घ्यायचं, मग फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या ओढणाऱ्या पाइपच्या तळाचा झडपेचा भाग) बंद पडल्यासारखी स्थिती काही सेकंदच करून कमी आकडा पाहायचा, आणि दोन्हींच्या मधला आकडा मर्यादा म्हणून द्यायचा. सुरू झाल्यावर पहिली ४५ सेकंदं सोडून, त्यानंतर वॅट मर्यादेखाली गेले तर मोटर बंद आणि तासभर पुन्हा प्रयत्न नाही. हा तास नसेल तर मोटर दर मिनिटाला चालू-बंद होत राहते.

बाहेर जाताना सगळं बंद करायला दाराजवळ एक बटण आहे. फोनच्या लोकेशनवर हे काम सोडलं नाही, कारण बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड ॲप झोपवतं आणि घरात बसलेला माणूस बाहेर गेल्यासारखा दिसतो. शिवाय आजी फोन बरोबर घेऊन फिरत नाही. 'सगळं बंद'च्या यादीत फ्रिज, राउटर, इन्व्हर्टर आणि देवघराचा दिवा नाहीत. पाहुणे आले की 'पाहुणे' नावाचा एक स्विच चालू करतो. तो चालू असेपर्यंत हालचालीवरची आणि गिझरची रूटीन थांबतात आणि बटणं साध्या घरासारखी चालतात.

देखभाल थोडीच आहे. सेन्सरची बॅटरी २० टक्क्यांखाली गेली की फोनवर निरोप येतो. सीआर२०३२ आणि सीआर२४५० असे दोन्ही आकार घरात ठेवतो. होम असिस्टंटचा बॅकअप दर आठवड्याला आपोआप दुसऱ्या कंप्युटरवर जातो, अपडेट करण्याआधी एक हाताने घेतो. एमसीबीच्या डब्याच्या दारावर आतून एक कागद चिकटवलेला आहे: कुठल्या बोर्डात मोड्यूल आहे, मोटर हाताने कशी चालवायची, आणि सगळं जुन्यासारखं करायला कुठल्या दोन वायरी एकत्र जोडायच्या.