माउसची शेपटी

कॉम्प्युटर जातो, केबली मागे राहतात. सीपीयू भंगारवाला वजनावर नेतो, मॉनिटर कुणाला तरी फुकट देऊन टाकतो, पण त्यांच्या वायरी खाकी खोक्यात ठाण मांडून बसतात. आमचं खोकं माळ्यावर आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत आई त्याच्याकडे बोट दाखवते, मी ते खाली काढतो, उघडून बघतो आणि परत वर ठेवतो. आता निदान एवढं तरी सांगता येतं की त्यातली एक वायर माझ्या हेल्मेटमध्ये आहे.

हेल्मेटच्या आत, गालाच्या गादीमागे कानापाशी थोडी पोकळ जागा असते. तिथे चपटा स्पीकर बसतो. गाणी वगैरे ठीक आहे, पण नाशकात तो लागतो रस्त्यासाठी. पाथर्डी फाट्याकडून येताना वर उड्डाणपूल, खाली रस्ता. नकाशातली बाई वेळेवर बोलली नाही तर मुंबई नाक्याला जायचा माणूस पुलावरून आडगावच्या दिशेने निघून जातो. ब्लूटूथ घे, असं सगळेच सुचवतात. घ्यावं की. मला फक्त चार्ज करायची आणखी एक वस्तू घरात नको आहे.

वायरवाल्या संचांत स्पीकर बरे निघतात, वायर मात्र दगा देते, आणि तीही मानेपाशीच. मान दर सिग्नलला वळणार, जॅकेटची कॉलर वायरीला नेमकी त्याच जागी दुमडणार. मग एक कान बंद, आणि वायर विशिष्ट कोनात धरली की चालू. अशी वायर दुरुस्तीला नेली तर दुकानदार सरळ सांगतो, “दादा, नवीन घ्या, यात हात घालायला परवडत नाही.” त्याचं खरं आहे. इअरफोनची वायर सोलली की आत केसासारखे लाल, हिरवे, तांबूस तंतू निघतात, त्यांच्यावर वार्निशचा पातळ थर असतो आणि मजबुतीसाठी सोबत धागे गुंफलेले असतात. वार्निश जाळल्याशिवाय डाग, म्हणजे सोल्डरचा सांधा, बसत नाही, सोल्डरचा थेंब नुसता घरंगळतो. जाळायला जावं तर धागाही पेटतो.

माउसची वायर त्या मानाने सरळमार्गी, म्हणून दगा देणाऱ्या वायरीच्या जागी मी खोक्यातली तीच जोडली. वरचं काळं आवरण ब्लेडने गोल फिरवून ओढलं की आत चार तारा: लाल, काळी, पांढरी, हिरवी. यूएसबीत लालमधून 5 व्होल्ट, काळी ग्राउंड म्हणजे परतीची तार, बाकी दोघींतून डेटा. आणि माइकसकट हेडसेटच्या 3.5 मिलिमीटरच्या जॅकला काय लागतं? टोकाला डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड, बुडाशी माइक. म्हणजे चारच. काही जुन्या फोनमध्ये शेवटचे दोन उलटे असतात, तेवढं बघून घ्यायचं. स्वस्त माउसच्या रंगांवरही विश्वास ठेवू नये. मल्टीमीटर कंटिन्युटीवर, म्हणजे तार सलग असली की वाजणाऱ्या खुणेवर, लावून ‘बीप’ ऐकावा आणि मगच डाग द्यावा.

डेटाच्या वायरीतून आवाज नीट येईल का, हा प्रश्न मला इंजिनिअर मित्रानेही विचारला. तांब्याला काय, जे सोडाल ते वाहून नेतं. हेल्मेटचे स्पीकर साधारण 16 नाहीतर 32 ओहमचे. मीटरभर वायरीचा रोध एका ओहमच्याही आत. कानाला फरक कळायचा नाही.

खरी निवड लवचीकपणावर करायची. मॉनिटरची जुनी व्हीजीए केबल आतून राजेशाही असते. लाल, हिरव्या, निळ्या सिग्नलला प्रत्येकी वेगळं शिल्डिंग, म्हणजे बाहेरची खरखर अडवणारं कवच. पण जाडी इतकी की मानेला बांधली तर डोकं वळायचं नाही, शिवाय टोकाला स्क्रू. गाडीवर स्क्रूने आवळलेलं कनेक्शन मला नकोच. उतरताना विसरलो तर वायर निमूटपणे सुटून यायला हवी. कीबोर्डची केबल शिल्डिंगला चांगली, पण ती जन्मभर टेबलावर एका जागी पडून राहिलेली, त्यामुळे ताठर. माउसची वायर दिवसभर इकडून तिकडे फरफटत नेण्यासाठीच बनवलेली. मानेपाशी तीच हवी.

गोल पिनांच्या जुन्या जोडण्यांचा मोह मलाही झाला होता. आयबीएमने 1987 साली आणलेल्या पीएस/2 या कीबोर्ड-माउसच्या गोल जोडणीच्या सहा पिनांपैकी दोन रिकाम्याच, म्हणजे तिथेही चारांचाच हिशोब. त्याआधीच्या कीबोर्डना पाच पिनांचा जाड डिन कनेक्टर असायचा, आणि होंडाच्या गोल्डविंगसारख्या मोठ्या टूरिंग गाड्यांवर हेडसेट जोडायलाही त्याच घराण्यातला कनेक्टर वापरला गेला. म्हणजे कल्पना काही वेडगळ नाही. पण पीएस/2 एकाच बाजूने बसतो. सीपीयूच्या मागे ओणवं होऊन तो चाचपडत फिरवलेल्या पिढीला हातमोजे घालून तेच परत करायला लावणं म्हणजे छळ. गोल जॅक कसाही घुसतो, ओढला की सुटतो. म्हणून वायर माउसची, जॅक बाजारातला.

काम अर्ध्या दुपारचं. चारही तारा कमी-जास्त लांबीच्या कापायच्या, म्हणजे डाग एकमेकांसमोर येत नाहीत आणि सांधा जाडही होत नाही. श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, आधी ओवायची, मग सोल्डर. ओढ सांध्यावर न येता अस्तरावर यावी म्हणून वायर आत एका जागी टाचून टाकायची. गाडीच्याच बॅटरीवर छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि फोनचा चार्जर दोन्ही चालवले तर रेसबरोबर चढत जाणारी शिट्टी कानात येऊ शकते. हा ग्राउंडचा घोळ, तिथे माउसच्या वायरीचा काही दोष नाही. अ‍ॅम्प्लिफायर वेगळ्या बॅटरीवर घेतला की शिट्टी बंद.

आणि पावसाळ्यात त्र्यंबककडे जायचं असेल तर जॅकच्या आधी वायरीला खाली झुकलेला एक झोल ठेवायचा. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोलाच्या तळाशी गळून जातं, जॅक कोरडा राहतो. भिंतीतून डिशची केबल आत घेणारे वायरमन हेच करतात.

राहिली प्रिंटरची ती जाडजूड केबल, एका टोकाला 25 पिना असलेली. तिच्यावर माझा जीव आहे, पण तिचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही.