कुठेतरी पाणी मुरतंय

जून संपता संपता रस्त्याला पहिला खड्डा पडतो आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी मान हलवत म्हणतं, "कुठेतरी पाणी मुरतंय." म्हणणाऱ्याच्या मनात टक्केवारी असते. ती असेल किंवा नसेल, डांबरी रस्त्याच्या बाबतीत हे वाक्य शब्दशः खरं असतं. पाणी मुरलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते मागच्या दिवाळीपासून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिसणाऱ्या भेगेतूनच आत गेलेलं असतं.

गंमत अशी की डांबराला स्वतःला पाण्याचं वावडं नाही. होड्यांच्या तळाला आणि गच्चीच्या गळतीला आपण तेच फासत आलो. पण रस्ता नुसत्या डांबराचा नसतो. त्यात वजनाने चौऱ्याण्णव-पंच्याण्णव टक्के खडी, कच आणि दगडाची भुकटी असते. डांबर जेमतेम पाच-साडेपाच टक्के, म्हणजे खडीला खडी धरून ठेवण्यापुरतं. दगडाला मात्र डांबरापेक्षा पाणी प्रिय. संधी मिळाली की तो डांबर सोडतो आणि पाण्याला जवळ करतो. सह्याद्रीचा काळा पाषाण त्यातल्या त्यात इमानी. गारगोटीच्या जातीचे दगड फार लवकर सोडचिठ्ठी देतात. म्हणून प्रयोगशाळेत डांबर लावलेली खडी चाळीस अंशांच्या पाण्यात चोवीस तास बुडवून बघतात. तेवढ्यानंतरही ९५ टक्के पृष्ठभागावर डांबर टिकलं, तर ती जोडी रस्त्यावर न्यायची. नाहीतर मिश्रणात थोडा चुना किंवा डांबर न सुटण्याचं रसायन घालायचं.

हे डांबरही तसं नावालाच डांबर. खरं डांबर दगडी कोळशापासून निघायचं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या त्या घराण्यातल्या. आज रस्त्यावर पडतं ते बिट्युमेन, म्हणजे तेलशुद्धीकरणात पेट्रोल, रॉकेल, डिझेल निघून गेल्यावर तळाशी उरलेला दाट काळा गाळ. त्याच्या प्रतीला व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४० अशी नावं आहेत. आकडा मोठा तितकं ते उन्हात घट्ट राहणारं. आपल्याकडच्या बहुतेक रस्त्यांना व्हीजी-३० चालतं. भर उन्हाळ्यात विदर्भातल्या रस्त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो. तिथे जड वाहतूक असेल तर व्हीजी-४० हवं. पण बोलताना ते डांबरच. रासायनिक नावाला 'डांबरट'सारखा शब्द थोडाच फुटणार होता?

मग असा रस्ता टिकतो किती? आधी कोणता रस्ता ते सांगायला हवं. गावाकडे 'कारपेट आणि सीलकोट' म्हणतात तो वीस मिलिमीटरचा थर तीन ते पाच वर्षांत नव्याने करायचाच असतो. तो पाच वर्षांनी गेला तर त्याने आपलं काम केलं. शहरातला चाळीस मिलिमीटरचा बिट्युमिनस काँक्रीटचा, म्हणजे डांबर-खडीच्या दाट गरम मिश्रणाचा थर खालचं अंग मजबूत असेल तर सहा-सात वर्षं सहज काढतो. आणि राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग किंवा शहरी रस्त्याची एकूण जाडी ठरवताना २० वर्षांचा हिशेब धरतात, इतर बहुतेक रस्त्यांना १५ वर्षांचा. हे तीन आकडे एकमेकांत मिसळले की भांडणं होतात. वरची कातडी बदलायचीच असते. खालचं मुरूम-खडीचं अंग मात्र पुन्हा पुन्हा करायचं नसतं. ते शाबूत ठेवण्यासाठी कातडी वेळेवर बदलायची, एवढीच देखभालीची कल्पना.

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण यात हमखास निघतं. १९७६ साली तो वापरात आला, रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांची हमी दिली होती आणि हमी संपल्यावरही कित्येक वर्षं तो खड्ड्याविना राहिला. त्यात काही गुप्त विद्या नव्हती. गरम मिश्रण, थरांची नीट दबाई आणि पाण्याला जायला वाट, हे तेव्हाही पुस्तकात होतं.

दबाई समजून घ्यायची तर चिक्की करून बघावी. गुळाचा पाक, त्यात दाणे, आणि गरम आहे तोवरच लाटणं फिरवायचं. पाक कच्चा राहिला तर दाणे सुटतात. करपला तर कडू आणि ठिसूळ होतो. निवल्यावर लाटायला गेलात तर तुकडे पडतात. रस्त्याचं तंतोतंत असंच आहे. व्हीजी-३०चं मिश्रण प्लांटवरून निघतं तेव्हा १५० ते १६५ अंशांवर असावं, पसरताना १४०च्या खाली नसावं आणि शेवटचा रोलर ते ९०च्या खाली उतरायच्या आत फिरून झालेला असावा. डंपर ताडपत्री न झाकता तासभर वाहतुकीत अडकला तर गाडीच्या कडेचं मिश्रण आधी निवतं, त्याचे गोळे होतात. पसरल्यावर ते ओळखू येतात. भोवतालची गुळगुळीत काया आणि मधेच खडबडीत, दाणेदार, मोकळा दिसणारा एखादा हातभर पट्टा. पहिल्या पावसाळ्यात खडी सुटेल ती तिथूनच. उलट, डंपरमधून निळसर धूर निघत असेल तर पाक करपलाय. ते मिश्रण काळंभोर दिसतं, पण त्याची चिकटाई भट्टीतच गेलेली असते. दोनेकशे अंशांपर्यंत मोजणारा साधा धातूचा थर्मामीटर मिश्रणात खुपसला तर हे सगळं दोन मिनिटांत कळतं. काम बघायला आलेली दहा माणसं हात मागे बांधून उभी असतात, त्यांतल्या एकाच्या खिशात तो असला तर बरं.

रोलर कडेकडून मधे सरकत यायला हवा, म्हणजे उताराकडून चढाकडे. आणि चालावा सावकाश, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. चाकाला मिश्रण चिकटू नये म्हणून पाणी लावायचं. काही जण डिझेल लावतात. डिझेल डांबराला विरघळवतं. मोटारसायकलचं तेल जिथे रोज गळतं तिथे रस्ता मऊ होऊन खडी बोटाने उचकटता येते, त्याचंही कारण तेच.

नव्या थराखाली टॅक कोट मारतात, म्हणजे दोन थर एकमेकांना चिकटावेत म्हणून डांबराचा पातळ फवारा. जुन्या डांबरी पृष्ठभागावर चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास इमल्शन. इमल्शन म्हणजे पाण्यात कालवलेलं डांबर, रंगाने चॉकलेटी. फवारल्यावर ते चॉकलेटीचं काळं होईपर्यंत थांबायचं, म्हणजे त्यातलं पाणी सुटलं. घाईत चॉकलेटी असतानाच वर मिश्रण ओतलं, किंवा खालची धूळ न झाडताच फवारलं, तर वरचा थर पोळीसारखा सुटा राहतो. चढावर आणि बसथांब्यावर जिथे ब्रेक लागतात तिथे तो सरकून अर्धचंद्राकार सुरकुत्या पडतात.

इतकं सगळं नीट झालं तरी रस्ता म्हातारा होतोच. ऊन आणि हवा डांबरातला ओलावा शोषून घेतात, म्हणजे पाण्याचा नव्हे, तेलाचा. काळाभोर रस्ता तीन-चार वर्षांत करडा होतो, बारीक कच सुटून कडेला साठू लागते, मग केसासारख्या भेगा. इथवर रस्त्यावरून गाडी मजेत जाते, त्यामुळे कुणाची तक्रार नसते. पावसात त्या भेगेत पाणी शिरतं, वरून ट्रकचं चाक जातं, आणि कोंडलेलं पाणी पंपासारखं मागेपुढे ढकललं जातं. बाहेर येताना ते खालची माती घेऊन येतं. भेगेच्या तोंडाशी वाळलेली पिवळसर माती दिसली की समजावं, खाली पोकळी तयार झालीय. मग मगरीच्या पाठीसारख्या चौकड्या, आणि एका रात्री त्यातली एक चौकडी गायब.

चाकाचा वाटा किती, याचं गणित अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून आणि ट्रक फिरवून काढलेलं आहे. ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या आसावरचं, वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतं. आपल्याकडे २०१८ साली चार चाकांच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वजन जेमतेम तेरा टक्क्यांनी वाढलं, रस्त्याला बसणारा मार साठेक टक्क्यांनी. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ज्या रस्त्याने कारखान्याला जातात, त्या रस्त्याची चाकोरी बघावी. चाकोरी हा शब्द आपण माणसांसाठी वापरून गुळगुळीत केला. मूळ अर्थ बघायचा तर भरल्या बाजूला आणि रिकाम्या परतीच्या बाजूला पट्टी आडवी लावून दोन्हीकडची खोली मोजावी.

काळ्या मातीचा प्रदेश असेल तर आणखी एक दुखणं. मराठवाडा-विदर्भातली ही माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते. रस्त्याच्या मध्याखाली ओल टिकते, कडेची माती वाळते, म्हणून कडेपासून फूट-दोन फुटांवर लांबच लांब भेग पडते. तिला डांबर भरून उपयोग थोडा, पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते. बांधतानाच चुना मिसळून माती शांत करणं, जाड मुरमाचा थर देणं आणि साइडपट्ट्या रुंद ठेवणं, हेच खरं औषध.

साइडपट्टीला कुणी विचारत नाही, पण रस्त्याचं निम्मं आयुष्य तिच्या हातात असतं. रस्त्याला मधून कडेकडे दोन ते अडीच टक्के उतार असतो. सात मीटर रुंदीच्या रस्त्यात मधला भाग कडेपेक्षा सात ते नऊ सेंटिमीटर उंच, एवढाच. साइडपट्टीचा उतार त्याहून थोडा जास्त हवा, तीन टक्क्यांच्या खाली नको. ती खचली तर डांबराची कड उघडी पडून तुटते. तिच्यावर माती आणि गवत साचून ती उंच झाली तर रस्त्यावरचं पाणी कडेलाच अडतं. मे महिन्यात फावड्याने ते गवत काढणं आणि रस्त्याखालच्या मोरीचं तोंड मोकळं करणं, याहून स्वस्त रस्तादुरुस्ती नाही. आणि त्याचं उद्घाटनही करता येत नाही, हीच अडचण असावी.

खड्डा पडलाच तर तो बुजवायची रीतही ठरलेली आहे. भोवतालची सैल खडी जाईपर्यंत चौकोनी आखून, कडा उभ्या कापायच्या. गोल, उतरत्या कडेवर मिश्रण पातळ होत जातं आणि तिथूनच उचकटतं. तळ झाडून कोरडा करायचा, तळाला आणि कडांनाही टॅक कोट लावायचा. मीटरभर लांब-रुंद आणि पाच सेंटिमीटर खोल खड्ड्याला दबलेलं ११५ किलो मिश्रण लागतं. म्हणजे दोन-तीन घमेली ओतून निघून गेलेलं पथक काय करून गेलं ते कळतं. खोल खड्डा थराथराने भरायचा, दर थर धुमसायचा, शेवटी रस्त्याच्या पातळीहून किंचित वर ठेवायचा आणि जोडावर डांबर फासायचं. भर पावसात गरम मिश्रण चालत नाही. तेव्हा पिशवीतलं कोल्ड मिक्स, म्हणजे गरम न करता घालायचं मिश्रण वापरावं, तेही साचलेलं पाणी काढून. पेव्हर ब्लॉक बसवणं म्हणजे दाताच्या किडीत खडा कोंबणं.

पण खड्ड्यापर्यंत पोचायलाच नको. रस्ता करडा झाला, कच सुटू लागली, की पातळ इमल्शनची फवारणी करावी, चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर. केसासारख्या भेगा तिनेच बुजतात. तीन मिलिमीटरपेक्षा रुंद भेग हवेने फुंकून साफ करायची आणि इमल्शनमध्ये कालवलेल्या दगडाच्या भुकटीने किंवा रबर मिसळलेल्या डांबराने भरायची. भेगा तशाच ठेवून वर नवा थर चढवला तर त्या वर्ष-दोन वर्षांत वर उमटतात. शिवाय थरावर थर चढून रस्ता उंच होतो आणि शेजारच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी उतरतं. जुना थर खरवडूनच नवा घालावा.

सोसायटीने आपला आतला रस्ता करून घ्यायचा असेल तर एक हिशेब लिहून ठेवावा. शंभर चौरस मीटरवर दबलेला चाळीस मिलिमीटरचा थर म्हणजे सुमारे साडेनऊ टन मिश्रण. कंत्राटदाराशी वाद घालू नये, वजनकाट्याच्या पावत्या मागाव्यात आणि बेरीज करावी. साइड स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवायची सवय लावावी. टाकी भरून वाहणारं पाणी रोज ज्या ठिकाणी पडतं, तिथे आधी पाइप वळवावा, मग डांबर टाकावं.

आणि पावसाची एक जोरदार सर येऊन गेली की तासाभराने खाली उतरावं. बहुतेक रस्ता वाळून फिकट झालेला असतो. डबकी दिसतात ती सगळ्यांनाच दिसतात, ती सोडून द्या. वाळलेल्या भागात बारीक ओल्या काळ्या रेघा उरलेल्या असतात, काही सरळ, काही फांद्या फुटलेल्या. आज मुरतंय ते पाणी तिथे. जागा पूर्ण वाळली की पिवळ्या ऑइलपेंटने प्रत्येक रेघेच्या दोन्ही टोकांना ठिपका द्यावा, आणि ऑक्टोबरात माणूस बोलावला की त्याला ते ठिपके दाखवावेत.