बंद गाडीचा भाव

शनिवार, २२ मार्च

आज गाडी बघून आलो. डेट्रॉइटच्या उत्तरेला तासाभरावर एक जुनं शेतघर आहे. बर्फ नुकतंच वितळलंय, त्यामुळे अंगणभर चिखल. शेडमध्ये ताडपत्रीखाली ती उभी होती. सुझुकीची एलटी-झेड ४००, कच्च्या रस्त्यांवर चालवायची चार चाकांची एटीव्ही, २००५ चं मॉडेल, पिवळी. मागचं प्लास्टिक तडकलेलं, सीटला चिकटपट्टी, चेन गंजून लाल. मागितले १४०० डॉलर.

अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवतात ती एटीव्ही आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर येते. तिला गिअर-क्लचची कटकट नसते. ही त्या जातीची नाही. हिला हाताचा क्लच, पाच गिअर आणि रिव्हर्स, मागच्या चाकांना चेन, लांब सस्पेन्शन आणि एकाच माणसाची सीट. वाळूच्या टेकड्या आणि जंगलातले कच्चे रस्ते यांसाठीच बनवलेली. इंजिन सुझुकीच्याच डीआर-झेड ४०० मोटारसायकलच्या घराण्यातलं, ३९८ सीसी, पाण्याने थंड होणारं. हीच गाडी कावासाकीनेही आपलं नाव लावून विकली. त्यामुळे वीस वर्षांनंतरही पार्ट मिळतात, आणि जुन्या गाडीत माझ्या मते हीच सगळ्यात मोठी गोष्ट. पार्ट मिळत नसेल तर कितीही देखणी गाडी म्हणजे भंगारच.

मालक सत्तरीचे. म्हणाले, "माझ्या मुलाची आहे. दोन वर्षांपूर्वी लावून ठेवली तेव्हा चालू होती." असं सगळेच म्हणतात, पण हे गृहस्थ खोटं बोलणारे वाटले नाहीत. त्यांना बहुतेक तेवढंच माहीत होतं.

पुढची चाकं वरून-खालून धरून हलवली. डावीकडे खटखट, म्हणजे बॉल जॉइंट, चाकाचा गोल सांधा, गेलाय. मागचा ॲक्सल फिरवून पाहिला, सरळ आहे. स्विंगआर्म, म्हणजे मागची चाकं धरणारा दांडा, बाजूला ओढला तर किंचित खेळ. फ्रेमवर आडवं पडून टॉर्च फिरवली, कुठे तडा किंवा नंतर मारलेलं वेल्डिंग दिसलं नाही. इथवर माझं मन गाडीच्या बाजूने होतं.

मग माझी बॅटरी लावून स्टार्टर दाबला. या गाडीला किक नाही. इंजिन फिरलं, पण फार सहज फिरलं. बाबांच्या गॅरेजमध्ये लहानपणी किक मारायचं काम माझ्याकडे असायचं. चांगल्या इंजिनाची किक पायाला उलटा जोर देते, तिथे दम लागतो. इथे पायाखाली काही नव्हतं, नुसता आवाज होता, पण त्या आवाजात दम नव्हता.

एअर फिल्टरचा डबा उघडला. फोमचा फिल्टर हाताला लागताच चुरा होऊन पडला. फिल्टरच्या पलीकडे, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरी नळीत बोट घातलं. बोटावर बारीक, करडी धूळ आली. बोटांत चोळली तर कचकचली.

तिथे मी बराच वेळ बसून राहिलो.

रविवार, २३ मार्च

काल रात्री झोप लागेना, म्हणून उठून कागदावर हिशेब मांडला.

धूळ फिल्टरच्या पुढे गेली म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमध्ये गेली. वाळू इंजिनात तेलाबरोबर मिसळली की पॉलिश पेपरसारखी काम करते. बाबांच्या वेळी याचं उत्तर सोपं होतं. कराडच्या गॅरेजमध्ये स्प्लेंडर धूर सोडायला लागली की ब्लॉक उतरवायचा, लेथवाल्याकडे बोअरला द्यायचा, संध्याकाळी ओव्हरसाईज पिस्टन टाकून गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात. सिलिंडरमध्ये ओतीव लोखंड असायचं. थोडं कापलं तरी आत लोखंडच.

या सुझुकीचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा आहे आणि आतल्या भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा पातळ मुलामा आहे. मुलामा अतिशय कठीण असतो, उष्णता झटकन बाहेर टाकतो, नीट सांभाळला तर लोखंडापेक्षा जास्त टिकतो. पण एकदा खरवडला की गल्लीतल्या लेथवर त्याचं काम होत नाही. एक तर सिलिंडर नवीन घ्यायचा, नाहीतर पुन्हा मुलामा देणाऱ्या कारखान्याकडे पाठवायचा.

तर हिशेब असा झाला. बॅटरी, मागचे दोन टायर, चेन-स्प्रॉकेट, डावा बॉल जॉइंट, स्विंगआर्मची बेअरिंग, कार्ब्युरेटरचं किट मिळून साडेपाचशेच्या आसपास. इंजिनासाठी सिलिंडर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट, टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर धरून साडेसहाशे. टेन्शनर मी मुद्दाम धरला. या इंजिनाचा आपोआप घट्ट होणारा टेन्शनर अडकतो, चेन सैल पडते, दात सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, अशी त्याची ख्याती आहे. हेड उघडायचंच असेल तर तो तसाच ठेवण्यात शहाणपण नाही.

बाराशे दुरुस्तीचे, चौदाशे गाडीचे. सव्वीसशे. याच गाडीच्या चालू, बऱ्या अवस्थेतल्या जाहिराती आमच्या भागात मी दोन हजार ते अडीच हजारांच्या पाहिल्यात. माझी मजुरी तर मी धरलीच नाही.

बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे, "बंद गाडी बंदच्या भावाने घ्यायची. काय बिघडलंय ते त्यालाही ठाऊक नसतं आणि तुम्हालाही. मग सगळंच बिघडलंय असं धरून चाला." आज त्यांचं वाक्य कागदावर आकडा होऊन उतरलं: दोन हजारांतून बाराशे वजा, ८००. त्यावर एक डॉलरही नाही.

मंगळवार, २५ मार्च

आज जेवताना बायकोशी बोललो. इतके दिवस टाळत होतो, कारण तिचं म्हणणं मला आधीच माहीत होतं आणि ते बरोबर आहे.

ती रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात काम करते. पाठीच्या कण्याला मार बसलेली तरुण मुलं पुन्हा बसायला शिकताना ती रोज बघते. त्यांतली काही याच गाड्यांवरून पडलेली. तिने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, "तू दुरुस्ती करायला घेतोयस की चालवायला, ते आधी मला सांग."

मी तिला तीनचाकी एटीव्हींची गोष्ट सांगितली. होंडाने १९७० मध्ये पहिली तीनचाकी काढली, ती अमेरिकेत तुफान चालली, आणि वळणावर उलटून इतके लोक जखमी झाले की १९८८ मध्ये कंपन्यांना सरकारशी करार करून तिची विक्री थांबवावी लागली. चार चाकं त्यापेक्षा नक्कीच बरी. पण चार चाकं आहेत म्हणून ती मोटार होत नाही. वळताना अंग आतल्या बाजूला झोकावं लागतं, चढावर पुढे सरकावं लागतं. आणि उलटली तर जवळजवळ १७० किलो अंगावर येतात. हे सगळं मीच तिला सांगितलं. लपवून गाडी आणायची नव्हती.

मग म्हणालो, दोन्हींसाठी. दुरुस्तीसाठी जास्त.

ती बराच वेळ गप्प होती. तिने अटी सांगितल्या आणि मी सगळ्या मान्य केल्या. चालवण्याआधी एटीव्ही सेफ्टी इन्स्टिट्यूटचा प्रशिक्षणवर्ग. हेल्मेट, छातीचं आणि मानेचं संरक्षण, बूट. एकट्याने जायचं नाही. मागे कुणाला बसवायचं नाही. लेक चौदा वर्षांची आहे, तिने सोळा पूर्ण होईपर्यंत गाडीवर बसायचं नाही. गाडीच्या लेबलवरही तेच लिहिलंय. लेकीने लगेच विचारलं, "पण इंजिन उघडायला वय लागत नाही ना?"

नाही लागत. मी तर नऊ वर्षांचा होतो.

शुक्रवार, २८ मार्च

आईचा फोन. परवा पाडवा. म्हणाली, "पाडव्यालाच घे की. साडेतीन मुहूर्तांतला हाय. तुझे बाबा पाडव्याला नवीन पाना तरी आणायचेच." खरं आहे. गॅरेजच्या भिंतीवरच्या फळीवर हळद-कुंकू लावलेले पाने मला आठवतात. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा मी येताना त्यांचं फिलर गेज, बारीक फटी मोजायच्या पात्यांचा जुडगा, बॅगेत टाकून आणलं. बाकी सगळं धाकट्या भावाकडे आहे. गेजच्या पात्या अजून सरळ आहेत, फक्त ०.०५ मिलिमीटरची टोकाला वाकलीय.

मुहूर्त आहे म्हणून भाव बदलत नाही, हे मी आईला सांगितलं नाही. तिला गाडीपेक्षा माझ्या हातात पुन्हा पाना आल्याचा आनंद होता.

शनिवार, २९ मार्च

लेकीला घेऊन परत गेलो. डिकीत छोटा कॉम्प्रेसर आणि इंजिनातून हवा किती गळते ते मोजणारा लीक-डाउन टेस्टर. मालकांना आधी फोन करून परवानगी घेतली होती.

नुसतं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून इथे भागत नाही. या इंजिनात स्टार्टरला हलकं पडावं म्हणून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर डिकॉम्प्रेशनची, म्हणजे थोडा दाब सोडून द्यायची सोय असते, त्यामुळे चांगल्या इंजिनाचा आकडाही कमीच दिसतो. म्हणून उलटी वाट धरायची. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि स्पार्क प्लगच्या भोकातून हवा सोडायची. किती हवा गळते हे एक घड्याळ सांगतं. कुठून गळते ते कान सांगतो.

गाडी टॉप गिअरला टाकली, ब्रेक आवळून बांधला, नाहीतर हवेच्या जोराने इंजिन फिरतं. हवा सोडली. काटा ३८ टक्क्यांवर थांबला. निरोगी इंजिनात तो दहाच्या आसपास असतो. लेकीला म्हटलं, आता ऐक. तिने सायलेन्सरला कान लावला. काही नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, काही नाही. मग तेलाची डिपस्टिक काढून तिथे कान नेला आणि तिचे डोळे मोठे झाले. "बाबा, इथून फुस्स येतंय."

तिथून येतंय म्हणजे रिंगा आणि सिलिंडर. व्हॉल्व्ह ठीक आहेत. बोटावरची ती धूळ खरं बोलत होती.

मालकांना सगळं दाखवलं. काटा दाखवला, डिपस्टिकजवळ त्यांचाही हात धरला, माझा कागद पुढे ठेवला. आठशे. ते काही बोलले नाहीत. मुलाला विचारतो, म्हणाले.

मग कागदपत्रांचा विषय निघाला. मिशिगनमध्ये या गाड्यांनाही मोटारीसारखं मालकीपत्र असतं. ते होतं, पण मुलाच्या नावाने. म्हणजे वडील गाडी दाखवू शकतात, विकू शकत नाहीत. मुलाची सही झाल्याशिवाय मी पैसे देणार नाही, असं स्पष्ट सांगून निघालो. लेकीला वाईट वाटलं. तिने मनात गाडी घरी आणलीच होती. मीही आणली होती.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

डेकच्या कठड्याला गुढी बांधली. वारा इतका की दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली. कडुनिंब इथे कुठला, वाळवलेली पानं आईने पाठवली होती.

दुपारी मुलाचा फोन आला. तो आता दुसऱ्या राज्यात असतो. आठशे ऐकून रागावेल असं वाटलं होतं. मी किमतीबद्दल काही बोलण्याआधी विचारलं, गाडी कुठे चालवायचास? म्हणाला, सिल्व्हर लेकला. मिशिगन सरोवराच्या काठच्या वाळूच्या टेकड्या. शेवटच्या उन्हाळ्यात फिल्टरला तेल लावायचं राहून गेलं, हे त्याने आपणहून सांगितलं. वडिलांना ते ठाऊक नव्हतं. कोरडा फोम वाळू अडवत नाही, तेलाने ओला असेल तरच अडवतो.

एवढं खरं बोलणाऱ्या माणसाकडून गाडी घ्यायला मला काहीच अडचण नाही. भाव मी वाढवला नाही, त्यानेही फार ताणलं नाही. मालकीपत्र वडील त्याच्याकडे पाठवणार, तो सही करून परत पाठवणार. आज मुहूर्तावर काहीच घेतलं नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, "शब्द दिलास न्हवं? झालं की मग."

शनिवार, ५ एप्रिल

काल कागद आला. आज भाड्याचा ट्रेलर जोडून गेलो. फ्रेमवर कोरलेला सतरा अक्षरांकांचा क्रमांक लेकीने मोठ्याने वाचला, मी मालकीपत्रावर बोट ठेवून जुळवला. दोनदा. मग आठशे मोजून दिले. सोमवारी सहा टक्क्यांप्रमाणे अठ्ठेचाळीस डॉलर कर भरून नाव बदलून घ्यायचं.

निघताना वृद्ध मालकांनी शेडमधून एक डबा आणून दिला. आत न उघडलेला फोमचा फिल्टर होता आणि त्याला लावायच्या तेलाची अर्धी बाटली.

संध्याकाळी गॅरेजमध्ये टाकी, सीट आणि पुढचं प्लास्टिक उतरवलं. लेकीने प्रत्येक बोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर मराठीत लिहिलं: "टाकी, उजवी बाजू, २". व्हॉल्व्हचं झाकण काढल्यावर बाबांचं फिलर गेज तिच्या हातात दिलं. इनटेक व्हॉल्व्हची फट ०.१० ते ०.२० मिलिमीटर हवी. ०.१० ची पाती गेली, ०.१५ ची अडकत, घासत गेली. तिने तारीख घालून वहीत लिहिलं.