बुकशेल्फ स्पीकर पारखताना: आधी भिंत, मग तंबोरा

दुकानात भरदार वाटलेली स्पीकरची जोडी घरी आणली की कधी घुमते, कधी पोकळ वाजते. दोष बऱ्याचदा जोडीचा नसतोच. पुण्यातल्या फ्लॅटमधली गाणं ऐकायची खोली म्हणजे साधारण १२ बाय १० फूट, खाली गुळगुळीत टाइल्स, बाजूला कोऱ्या भिंती. अशा खोलीत २०० हर्ट्झच्या खाली आपण स्पीकरपेक्षा खोलीच जास्त ऐकत असतो. १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते, १० फुटांची ५६ च्या आसपास, आणि ५ इंची वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या कोनाचा, जोरही साधारण याच टापूत ओसरायला लागतो. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर तो घुमारा तिथे सगळ्यात जास्त. खोलीच्या बरोबर मध्यात बसलं तर तोच जवळजवळ गायब. खुर्ची भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, मगच बासबद्दल मत बनवा.

आता स्पीकरमागची भिंत. वूफरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. ते २ फूट भरलं तर भिंतीवर आपटून परतलेली लाट १४० हर्ट्झच्या आसपास मूळ लाटेच्या उलट पडते आणि तिथला आवाज खचतो. काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज, म्हणजे मधला ‘सा’, १३८.६ हर्ट्झचा. म्हणजे सगळी मैफल ज्या स्वरावर उभी, तोच अशक्त होतो, आणि आपण म्हणतो, ‘स्पीकरला वजन नाही’. अंतर १ फूट केलं की हा खड्डा २८० हर्ट्झकडे सरकतो, ३ फूट केलं की ९४ कडे. बाजूची भिंत आणि मागची भिंत सारख्याच अंतरावर ठेवू नका, नाहीतर दोन खड्डे एकाच जागी पडतात. एका वेळी ३-४ इंच सरकवा आणि प्रत्येक वेळी गाण्याचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा ऐका. हे कंटाळवाणं काम आहे, पण महागड्या केबलने जो फरक पडत नाही तो याने पडतो. केबलचं म्हणाल तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, मिळणारी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची दुहेरी वायर घरासाठी पुरून उरते. ५ मीटरच्या जोडणीला जाऊन-येऊन ०.०७ ओहमच्या आसपास रोध होतो. वाचलेले पैसे जड, न डुगडुगणाऱ्या स्टँडवर घाला.

स्टँडची उंची आपण कसं बसतो त्यावर ठरते. ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या पातळीत हवा. कारण २ ते ३ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात वूफर आणि ट्वीटर दोघंही बोलत असतात, आणि अडीच हजार हर्ट्झची अर्धी लाट जेमतेम ७ सेंटीमीटरची. कान फार वर किंवा खाली गेला की दोघांच्या अंतरात तेवढा फरक सहज पडतो आणि नेमका आवाजाचा चेहरा पुसट होतो. २४ इंची स्टँड सोफ्यासाठी ठीक. सतरंजीवर मांडी घालून ऐकणाऱ्यांनी १८ इंची घ्यावा.

दोन जोड्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी केली नाही, तर सगळी मेहनत वाया. एकीची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच विजेवर ती किती मोठी वाजते तो आकडा) ८६ डेसिबल आणि दुसरीची ८९ असेल, तर व्हॉल्यूमचा खटका न हलवताही दुसरी ३ डेसिबलने मोठी वाजते, आणि मोठं वाजतं ते कानाला सरस वाटतंच. पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेला एकसंध खळखळाट) लावा, बसायच्या जागी फोनवरच्या साउंड मीटर ॲपने मोजा, फरक अर्ध्या डेसिबलच्या आत आणा. फोनचा आकडा चुकीचा असला तरी त्याच फोनवर दिसणारा फरक कामाला येतो. सिलिंग फॅन बंद ठेवा. पात्यांवरून परतणारा आवाज लांबलेल्या स्वरात थरथर मिसळतो. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावर, रात्री उशिरा ऐकलेलं उत्तम.

जोडणी नीट आहे ना हे दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर स्पर्श करून तपासता येतं: सेलचं धन टोक लाल टर्मिनलला लावलं की वूफर बाहेर यायला हवा, आणि दोन्ही स्पीकरमध्ये सारखाच. मग ॲम्प्लिफायरच्या लाल-काळ्याशी वायरी जुळवा. मोनो केलेला, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून सारखाच येणारा, एकट्या माणसाचा आवाज दोघांच्या बरोबर मध्ये, अंगठ्याएवढ्या जागेत उभा राहिला पाहिजे. तो पसरला आणि बासही गेला, तर एक वायर उलटी आहे.

आणि आता खरी परीक्षा, नुसता तंबोरा. काळी एकला खर्ज (सगळ्यात खालचा ‘सा’) ६९ हर्ट्झचा, पण त्या मूळ स्वरात जोर कमी. खरं नाद-वैभव वरच्या स्वरांशांमध्ये, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींवर वाजणाऱ्या सूक्ष्म स्वरांमध्ये असतं. त्यातला पाचवा अंश ३४६ हर्ट्झच्या आसपास येतो, तोच स्वयंभू गांधार, म्हणजे कुठलीही तार ‘ग’ला न लावता आपोआप ऐकू येणारा ‘ग’. खर्जाची तार छेडल्यावर तो अलगद वर उमलताना स्वच्छ ऐकू येतो का, हे डोळे मिटून ऐका. स्पीकरच्या खोक्याच्या पातळ लाकडी बाजू २०० ते ५०० हर्ट्झमध्ये थरथरत असतील तर हा गांधार गढूळ होतो. त्या वेळी बाजूवर बोटं टेकवली की थरथर हाताला लागते. जवारीची, म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर तार हलकी घासून उठणारी, झणझण मात्र ट्वीटरकडे येते. ती रेशमी लागावी, पत्र्यासारखी नाही. नंतर तबला. डग्ग्यावर मनगट घासून काढलेल्या ‘घे’चा स्वर वर सरकला पाहिजे. प्रत्येक ‘घे’ एकाच उंचीवर ‘भुम्म’ होऊन थांबत असेल तर पोर्ट (बास वाढवायला खोक्याला ठेवलेलं भोक) किंवा खोली बोलते आहे. मागे पोर्ट असेल तर त्यात गुंडाळलेला पायमोजा घालून पुन्हा ऐका, दोघांतलं कोण ते लगेच कळतं. मागे पोर्ट असलेले स्पीकर ‘बुकशेल्फ’ या नावावर जाऊन पुस्तकांच्या कपाटात कोंबू नयेत.

जुनी जोडी घेणार असाल तर वूफरच्या कडेला हलकं बोट लावा. फोमची कड आपल्या पावसाळी दमटपणात काही वर्षांत चिकट होऊन तुटते; रबराची पुष्कळ टिकते. मग दोन्ही हातांची बोटं समोरासमोर ठेवून कोन सारख्या दाबाने आत ढकला. खर्रर्र असा घासल्याचा आवाज आला तर व्हॉइस कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) तिरकी झाली आहे, त्या जोडीच्या वाटेला जाऊ नका. खोक्याच्या खालच्या कडेचा आणि टर्मिनलच्या भोवतालचा एमडीएफ (दाबलेल्या भुशाचं लाकूड) फुगला असेल, तरीही नाही.