व्याज चार टक्के मिळालं, पण जुनं खातं बंद व्हायला तीन महिने गेले

सुरुवात 424 रुपये 80 पैशांनी झाली. ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांची एफडी मोडली, 82,000 आणि थोडे वर असे पैसे बचत खात्यात आले, म्हणून मी स्टेटमेंट उघडलं. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिन्यांत शिल्लक कमी ठेवल्याचा दंड कापलेला. 18 टक्के जीएसटी धरून दर महिन्याला तेच 424.80. मिळून साडेबाराशेच्या वर गेले होते आणि मला पत्ताच नव्हता.

झालं असं, की हे माझं पुण्यातल्या नोकरीचं सॅलरी अकाउंट. मार्चमध्ये नोकरी सोडून मी साताऱ्याला आले, आता घरीच आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेते. तीन महिने पगार जमा झाला नाही की असं खातं साधं बचत खातं होतं आणि दरमहा सरासरी 10,000 शिल्लक लागते. माझे 80,000 त्याच बँकेत एफडीत होते, बचत खात्यात चारेक हजार. एफडी धरून शिल्लक मोजतील असं मी गृहीत धरलं होतं. माझ्या खात्यात तसं नव्हतं. दंड लावण्याआधी ग्राहकाला कळवून शिल्लक भरायला महिना द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, 1 एप्रिल 2015 पासूनचा. बँकेने कळवलं होतं, पण माझ्या ऑफिसच्या ईमेलवर, जो मी नोकरी सोडली त्याच दिवशी बंद झाला. म्हणून नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला माझं पहिलं सांगणं हेच: राजीनामा देण्याआधी बँकेत ईमेल बदला.

नवीन खातं शोधायला मला जेमतेम आठवडा लागला. मला दोनच गोष्टी हव्या होत्या, व्याज बरं आणि अटी कमी. स्टेट बँकेने किमान शिल्लकीची अट मार्च 2020 मध्येच काढलीय आणि 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल अशा सरकारी बँकांनीही दंड बंद केला. पण स्टेट बँकेचं बचत व्याज जून 2025 पासून अडीच टक्के आहे. स्मॉल फायनान्स बँकांच्या पाटीवर सात टक्के दिसतात. ते टप्प्याटप्प्याने असतात, हे नीट वाचा. मोठा दर काही लाखांच्या वरच्या रकमेला लागतो. मी चौकशी केली तिथे पहिल्या लाखाला तीन-साडेतीनच होता. माझ्या 82,000 ला त्या सात टक्क्यांचा काय उपयोग?

पोस्टाचं बचत खातं चार टक्के देतं आणि 500 रुपये शिल्लक पुरते. 82,000 वर वर्षाचे 3,280, तेच अडीच टक्क्यांनी 2,050. आधार, पॅन, दोन फोटो आणि वारसाचं नाव, एवढ्यावर खातं उघडलं. पॅनवरचं नाव लग्नानंतरचं करून घेतलेलं होतं म्हणून तिथे काही अडलं नाही. पोस्टाच्या खात्यात एनईएफटीने पैसे येतात, त्यामुळे 80,000 घरबसल्या हलवले. यूपीआयसाठी एका सरकारी बँकेत शून्य शिल्लकीचं खातं काढलं, शिकवणीची फी त्यात येते.

एक सांगायचं राहिलं. पोस्टात त्याच हॉलमध्ये इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचंही काम चालतं. ते खातं वेगळं, त्याचं व्याज कितीतरी कमी. खिडकीवर ‘पोस्टाचं बचत खातं’ असं स्पष्ट म्हणा आणि पासबुक बघून घ्या.

आता जुनं खातं. राग आहे तो याचा.

साताऱ्याच्या शाखेत गेले तर म्हणाले, “मॅडम, होम ब्रँचलाच जावं लागेल.” होम ब्रँच हिंजवडीला. सकाळची एसटी धरून स्वारगेट, तिथून हिंजवडी, शाखेत पोचायला साडेबारा झाले. टोकन घेऊन पाऊण तास बसले. काउंटरवरच्या अधिकाऱ्याने फॉर्म पाहिला, स्क्रीन पाहिली आणि म्हणाला, सही जुळत नाही. खातं 2016 चं, सही माहेरच्या आडनावाची. मी त्याच्यासमोर जुनी सही करून दाखवली. मग म्हणाला केवायसीची मुदत संपलीय, ती आधी करा. केवायसीला आधार दिलं तर त्यावर सासरचं नाव, खात्यावर माहेरचं. “गॅझेट आणा,” म्हणजे नाव बदलल्याचं सरकारी राजपत्र.

खातं बंद करायला गॅझेट! माझ्या पिशवीत विवाह नोंदणीचा दाखला होता, नमुना ई, नगरपालिकेच्या गोल शिक्क्यासह. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राज्य सरकारने दिलेला विवाह दाखला किंवा राजपत्र, दोन्हींपैकी एक चालतं, असं रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या निर्देशांत लिहिलेलं आहे. ‘किंवा’ आहे, ‘आणि’ नाही. मी ते फोनवर उघडून दाखवलं. त्याने वाचलंसुद्धा नाही. “आमच्या सिस्टीमला गॅझेट लागतं,” म्हणाला आणि पुढचं टोकन पुकारलं. माझ्या मागे एक आजोबा काठी टेकून उभे होते, त्यांना ताटकळत ठेवणं जिवावर आलं म्हणून मी बाजूला झाले. परतीच्या बसमध्ये मात्र डोळ्यात पाणी आलं. पैसे माझे, खातं माझं, आणि मीच मी आहे हे पटवून देण्यात दिवस गेला.

दिवाळीनंतर पुन्हा गेले. या वेळी दुसऱ्या बाई होत्या, त्यांना दाखला चालला. पण खात्यावर एसआयपीचा मँडेट, म्हणजे म्युच्युअल फंडाचा हप्ता आपोआप कापायची परवानगी, चालू होता, तो रद्द झाल्याशिवाय खातं बंद होणार नाही म्हणाल्या. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझा एक हेलपाटा वाचला असता. खात्यात दोन-अडीच हजार उरलेले, म्हणजे दंडाचं मीटर चालूच.

तेव्हा मी बाकावर बसले आणि कोऱ्या कागदावर मराठीत अर्ज लिहिला. मी आज खातं बंद करण्याची मागणी केली आहे, या तारखेनंतर दंड लावू नये, आणखी काही कागद हवा असल्यास लेखी कळवावं. मँडेट रद्द करायची विनंती त्यातच. दोन प्रती काढल्या, एकीवर पोच मागितली. बाई म्हणाल्या, शिक्का साहेबांकडे असतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, थांबते. एक तास दहा मिनिटं थांबले. शिक्का, सही, तारीख घेऊनच उठले. माझ्या तिन्ही फेऱ्यांत सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच, आणि याचा मला अभिमान आहे.

तरीही नोव्हेंबरचा दंड लागलाच. पोचेचा फोटो जोडून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल केला. लिहिलं, की 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. 2021 पासून ती तक्रार सगळ्या बँकांसाठी एकाच ठिकाणी होते, फुकट, वकील लागत नाही. नवव्या दिवशी फोन आला. दंड परत जमा झाला आणि ‘मॅडम, कधीही या’ असं सांगण्यात आलं. हेच ऑक्टोबरमध्ये का नाही?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिसरी फेरी. चेकबुकची उरलेली पानं दिली, कार्ड दिलं. बाईंनी कात्रीने चिपच्या मधोमध कार्ड कापलं आणि दोन तुकडे माझ्यासमोर टोपलीत टाकले. उरलेली शिल्लक पोस्टाच्या खात्यात पाठवली. खातं बंद झाल्याचं पत्र मात्र मागावं लागलं, आपणहून कोणी देत नाही. लेटरहेडवर, शिक्क्यासह घ्या. चारच्या एसटीत बसल्यावर मी ते दोनदा वाचलं.

आणखी दोन गोष्टी आत्ता आठवल्या. पोस्टाचं व्याज महिन्याच्या 10 तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात आणि आर्थिक वर्षाच्या शेवटी जमा करतात. तेव्हा पैसे 10 च्या आत भरा, काढायचे तर शक्यतो नवीन महिना लागल्यावर काढा. बँकांत 2010 पासून रोजच्या शिल्लकीवर मोजतात, तिथली सवय इथे नुकसान करते. आणि 31 मार्चला 500 च्या खाली जाऊ देऊ नका, 50 रुपये कापतात.

दुसरी आधारची. सरकारी योजनांचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. आमच्या शेजारच्या काकूंचे लाडकी बहीणचे 1,500 दोन महिने एका विसरलेल्या खात्यात जमा होत होते आणि त्या रोज आपल्या वापरातल्या खात्याचं पासबुक भरून आणत होत्या. मी गॅस सबसिडीसाठी नव्या सरकारी बँकेत आधार जोडणीचा फॉर्म आधी भरला, जोडणी झाल्याचं आधारच्या साइटवर पाहिलं, मगच हिंजवडीची तिसरी बस पकडली.