सँटोरिनीच्या जागी हेराक्लिऑन

एजियन समुद्रातल्या सात रात्रींच्या क्रूझचा सगळा बेत आम्ही सँटोरिनीच्या एका दिवसाभोवती आखला होता, आणि नेमका तोच दिवस वाऱ्याने नेला. आदल्या रात्री आठच्या सुमारास कप्तानांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले की, सँटोरिनीपाशी वारा फार जोराचा असल्याने प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर उतरवणे सुरक्षित नाही. त्याऐवजी जहाज क्रीट बेटावरच्या हेराक्लिऑनला जाईल, सकाळी साडेअकराला धक्क्याला लागेल आणि संध्याकाळी सहाला निघेल. घोषणा पुरती संपलीही नसेल, तोच शोअर एक्स्कर्शनच्या, म्हणजे बंदरावरच्या सहलींच्या, काउंटरसमोर रांग लागली. त्या रांगेत मीही पाऊण तास उभी होते. तिथे आणि दुसऱ्या दिवशी जे शिकायला मिळाले, ते अशा प्रसंगात सापडणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आमच्या मागे उभे असलेले एक गृहस्थ काउंटरवरच्या मुलीशी बराच वेळ यावरूनच हुज्जत घालत होते. हवामानामुळे बंदर बदलण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार जहाज कंपन्या तिकिटाच्या करारातच राखून ठेवतात. त्यामुळे बंदर हुकले म्हणून भाड्यातला काही भाग परत मिळेल, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. हुकलेल्या बंदराचे बंदरशुल्क मात्र बऱ्याचदा प्रवाशाच्या जहाजावरच्या खात्यात जमा होते आणि त्या बंदरासाठी जहाजाकडूनच घेतलेल्या सहलीचे पैसे आपोआप परत येतात. सँटोरिनीच्या बाबतीत हा धोका आधीपासून ओळखता येतो. प्राचीन ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर जमीन खचून तयार झालेल्या त्या खोलगट भागात पाणी काही ठिकाणी ४०० मीटरच्या जवळपास खोल आहे. तिथे नांगर टाकणे मोठ्या जहाजांना सहसा शक्य नसते. ती इंजिनाच्या जोरावर जागा धरून राहतात आणि प्रवासी टेंडर म्हणजे छोट्या बोटींनी फिरा या मुख्य गावाच्या जुन्या बंदरात उतरून पुढे केबल कारने वर जातात. त्यातच उन्हाळ्यात उत्तरेकडून वाहणारा मेल्तेमी नावाचा वारा कधीकधी दिवसचे दिवस थांबत नाही. आपल्या वेळापत्रकात टेंडरने उतरण्याची बंदरे कोणती आहेत, हे आरक्षण करतानाच पाहून ठेवावे आणि त्या दिवसासाठी मनात दुसरा बेत असू द्यावा. आम्ही पाहिले नव्हते.

सँटोरिनीत आम्हाला अक्रोतिरी पाहायचे होते. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले हे कांस्ययुगीन नगर ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ पासून उत्खनन करून उजेडात आणले. त्यासाठी आम्ही जहाजाच्या सहलीऐवजी एका स्थानिक मार्गदर्शकाकडे आगाऊ पैसे भरले होते. जहाज न आल्यास सर्व पैसे परत, अशी अट आरक्षणाच्या पत्रात होती म्हणून आम्ही वाचलो. मात्र पैसे परत करण्यापूर्वी पुरावा मागण्यात आला. त्या रात्री मी स्वागतकक्षातून बंदर रद्द झाल्याचे छापील पत्र मागून घेतले होते आणि बदललेल्या दिनक्रमाचा कागदही जपून ठेवला होता. दोन्हींची छायाचित्रे पाठवल्यावर चार दिवसांत रक्कम जमा झाली. बाहेरून सहल घेताना ही अट लेखी आहे की नाही, हे पैसे भरण्यापूर्वीच पाहावे. प्रवासविमा असेल तर त्याच्या दाव्यासाठीही असेच पत्र लागू शकते, म्हणून ते मागायला संकोच करू नये.

आता निवडीकडे वळते. काउंटरवर हेराक्लिऑनसाठी तीन सहली लावल्या होत्या. पहिली क्नोसोसच्या प्राचीन राजवाड्याची साडेतीन तासांची, दुसरी रेथिम्नो या जुन्या व्हेनेशियन शहराची पाच तासांची आणि तिसरी बसमधून शहरदर्शनाची. रांगेतले बहुतेक लोक रेथिम्नो घेत होते. त्यामागचे कारण समजण्यासारखे होते: सँटोरिनीची पांढरी घरे आणि निळे घुमट हुकल्याची रुखरुख मनात होती आणि माहितीपत्रकावर रेथिम्नोच्या बंदराचे, दीपस्तंभाचे सुंदर छायाचित्र होते. हुकलेल्या गोष्टीसारखे दिसणारे काहीतरी शोधायचे, हा त्या क्षणी मनाचा स्वाभाविक कल असतो. माझ्या मते तोच चुकीचा असतो, कारण सँटोरिनीसारखे क्रीटमध्ये काही नाही आणि सारखेपणाच्या शोधात दिवसातले तास हातून जातात.

आम्ही त्या रात्री कागदावर उलट्या बाजूने हिशेब मांडला. जहाज सहाला निघणार, म्हणजे परत चढण्याची शेवटची वेळ साडेपाच. साडेअकराला धक्क्याला लागल्यावर सोपस्कार होऊन प्रत्यक्ष उतरायला बारा वाजणार. म्हणजे हातात साडेपाच तास, आणि स्वतःच्या जबाबदारीवर फिरायचे असेल तर त्यातला शेवटचा एक तास राखीव, म्हणजे साडेचार. रेथिम्नो हेराक्लिऑनपासून सुमारे ८० किलोमीटर आहे. बसगाडीने जाऊन येऊन तीन तास रस्त्यावरच जातात आणि शहरात उरतात जेमतेम दोन. क्रीटमधल्याच चानिया शहराचे नाव काही जण घेत होते, पण ते सुमारे १४० किलोमीटरवर असल्याने हा विचारच सोडून द्यावा लागतो. क्नोसोस मात्र शहराच्या दक्षिणेला अवघ्या ५ किलोमीटरवर आहे, आणि पुरातत्त्व संग्रहालय तर बंदरापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर, थोड्या चढणीवर आहे.

अंतराच्या या हिशेबाला एक दुसरी बाजूही जोडावी लागली. आम्हाला अक्रोतिरी कशासाठी पाहायचे होते, हा प्रश्न माझ्या पतींनी विचारला आणि उत्तर समोरच होते. अक्रोतिरी आणि क्नोसोस एकाच कांस्ययुगीन जगातली स्थळे आहेत. इतकेच नव्हे, तर मारिनातोस हे अक्रोतिरीकडे वळण्याच्या कितीतरी आधी हेराक्लिऑनच्या संग्रहालयाचे संचालक होते. क्नोसोसचे बंदर समजल्या जाणाऱ्या अम्निसोस येथे १९३२ मध्ये उत्खनन करताना त्यांना ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड सापडला आणि त्यातून, सँटोरिनीच्या उद्रेकाने क्रीटच्या कांस्ययुगीन मिनोअन संस्कृतीचा अंत झाला असावा, हे मत त्यांनी १९३९ मध्ये मांडले. ते मत पुढे जसेच्या तसे टिकले नाही, परंतु अक्रोतिरीच्या उत्खननाचा धागा इथूनच निघतो. म्हणजे वाऱ्याने आम्हाला त्या गोष्टीच्या आरंभाशी नेऊन सोडले होते. समुद्रकिनारा किंवा निवांतपणा हवा असलेल्या कुटुंबाने मात्र या कारणासाठी क्नोसोस निवडू नये. भर दुपारी उघड्या अवशेषांतून फिरण्याची हौस असेल त्यांनीच ते करावे.

क्नोसोसची जहाजाची सहल आमची पाळी येईपर्यंत भरली होती. प्रतीक्षायादीत नाव घालता आले असते, पण काउंटरवरच्या मुलीला मी दोन प्रश्न विचारले आणि विचार बदलला. पहिला, साडेतीन तासांपैकी प्रत्यक्ष राजवाड्यात किती वेळ? उत्तर, दीड तास. दुसरा, संग्रहालय त्यात आहे का? उत्तर, नाही. ऐनवेळी बदललेल्या बंदरात सहलींची माहितीपत्रके घाईने तयार केलेली असतात, त्यामुळे स्थळी किती वेळ, प्रवेश-तिकीट धरले आहे का, मार्गदर्शक कोणत्या भाषेत बोलेल आणि चालणे किती, हे प्रश्न तोंडी विचारल्याशिवाय सही करू नये. त्या दिवशी आमच्याखेरीज आणखी एक जहाज वळवून हेराक्लिऑनला आणले गेले होते आणि अशा वेळी बसगाड्यांइतकीच परवानाधारक मार्गदर्शकांची टंचाई होते, हेही लक्षात ठेवावे. दुसऱ्या दिवशी एका मार्गदर्शकामागे पन्नासेक माणसे चालताना मी पाहिली.

स्वतंत्रपणे जायचे ठरल्यावर रात्रीच तीन कामे उरकली. जहाजाच्या महागड्या इंटरनेटवर अर्धा तास खर्चून शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवून घेतला, क्नोसोसची तिकिटे अधिकृत संकेतस्थळावरून काढली आणि दिनक्रमाच्या कागदावर छापलेला बंदरातील एजंटचा दूरध्वनी क्रमांक वेगळ्या कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेवला. स्वतंत्र प्रवासी उशिरा आला तर जहाज त्याच्यासाठी थांबत नाही, पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च त्याचा त्यालाच करावा लागतो, आणि त्या प्रसंगी पहिला उपयोग या एजंटचाच होतो. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज एकतर थांबते किंवा पुढची सोय करून देते. लांबच्या अंतरासाठी ही हमी पैसे मोजण्याजोगी आहे. पाच किलोमीटरसाठी ती आम्हाला आवश्यक वाटली नाही. माझे हे मत दुसऱ्या दिवशी दुपारी थोडे डळमळले, ते पुढे येईलच.

क्रम ठरवताना आम्ही मुद्दाम उलटा ठरवला. दोन्ही जहाजांच्या बसगाड्या बारा वाजता एकदम क्नोसोसकडे निघणार हे उघड असल्याने आम्ही आधी संग्रहालयात गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढण टाळून तिघेही टॅक्सीने गेलो. हा क्रम दुसऱ्या एका कारणानेही योग्य ठरला. क्नोसोसच्या भिंतींवर दिसणारी रंगीत चित्रे या प्रतिकृती आहेत. बैलावरून झेप घेणाऱ्या तरुणाचे चित्र, हातात साप धरलेल्या स्त्रियांच्या छोट्या मूर्ती, १९०८ मध्ये सापडलेली आणि अजूनही न वाचता आलेली फैस्तोसची मातीची तबकडी, हे सर्व मूळ रूपात संग्रहालयात आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० पासून क्नोसोस खोदले आणि काही दालने काँक्रीटने पुन्हा उभी केली, त्यावरून अभ्यासकांत आजही वाद आहे. मूळ वस्तू पाहून मग राजवाड्यात गेले की खरे किती आणि इव्हान्स यांनी उभारलेले किती, हे डोळ्यांना कळू लागते. ज्यांच्या हाती दोन-अडीच तासच आहेत त्यांनी क्नोसोस सोडून केवळ संग्रहालय पाहावे, असे मी निःसंकोच सांगेन, जरी ते ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल.

पावणेदोन तासांनी सासूबाई थकल्या. पती त्यांना घेऊन जहाजावर परतले आणि मी एकटी शहर बसने क्नोसोसला गेले. एकत्र प्रवास करणाऱ्यांनी बदललेल्या बंदरात वेगळे होण्याची तयारी ठेवावी. सर्वांना झेपेल अशी एकच सहल शोधण्याच्या नादात कोणाचाच दिवस नीट जात नाही. अडीचच्या सुमारास पहिली गर्दी ओसरली होती. सावली जवळजवळ नव्हती, पाण्याची बाटली आणि टोपी नसती तर मी अर्ध्यातून परतले असते. तरी सिंहासनाच्या दालनापाशी दहा मिनिटे निवांत उभे राहता आले, जे आधीच्या गटांना मिळाले नव्हते.

चूक परतताना झाली. शहर बस वारंवार येते हे खरे, परंतु दोन जहाजांचे स्वतंत्र प्रवासी एकाच वेळी परत निघणार हे मी धरलेच नव्हते. सव्वाचारला थांब्यावर आले तेव्हा लांब रांग होती, दोन बसगाड्या भरून गेल्या आणि तिसरीतही जागा मिळाली नाही. अखेर आमच्याच जहाजावरच्या एका जोडप्याबरोबर टॅक्सी वाटून घेतली आणि पाच वाजून दहा मिनिटांनी जहाजाच्या शिडीपाशी पोहोचले. एक तास राखून ठेवला होता म्हणून निभावले. जाताना बसने आणि येताना आधीच ठरवलेल्या टॅक्सीने, असा बेत केला असता तर ती धावपळ टळली असती.

रेथिम्नोला गेलेली मंडळी त्या संध्याकाळी भेटली. शहर सुंदर होते, असे सगळेच म्हणाले. पण किल्ला पाहावा की गल्ल्या, हे ठरवण्यातच निम्मा वेळ गेला, असेही त्यांतल्या दोघांनी सांगितले.

बंदर बदलण्याचे आणखी दोन प्रकार आहेत आणि त्यांत वेगळी काळजी लागते. कधी बंदर तेच राहते पण दिवस पुढेमागे होतात. तेव्हा आपल्या नव्या दिवशी संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी तर नाही ना, आणि बाहेरच्या मार्गदर्शकाला नवी तारीख कळवली का, हे आधी पाहावे. कधी बदललेले बंदर दुसऱ्याच देशात असते; तेव्हा सहलींच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी स्वागतकक्षात जाऊन आपल्या पासपोर्टवर तिथे उतरता येईल का, वेगळा व्हिसा लागेल का, हे विचारावे. एजियनमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान इतके जवळ आहेत की ही शक्यता दूरची नाही, आणि ग्रीसमधून बाहेर पडून पुन्हा तिथे यायचे असेल तर व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे की नाही, तेही त्याच वेळी पाहावे लागते.